शेवटच्या मीटिंगमध्ये बोल

प्रिय मावशी,

मी २२ वर्षांची आहे. आई-बाबांबरोबर ठाण्याहून अमेरिकेत आले तेव्हा दहा वर्षांची होते. येत्या मे महिन्यात माझं कॉलेज संपतंय. पहिल्या वर्षी जानेवारीत मी इथल्या एका जुन्या, मोठ्या सोरोरिटीत, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या मंडळात, गेले आणि गेली दोन वर्षं तिच्याच घरात राहते आहे. आम्ही ५८ मुली आहोत. शेवटच्या आठवड्यात सीनियर मुलींचा निरोप असतो, पालकही येतात. यंदा त्यात पाच मिनिटं मी बोलायचं असं ठरलंय. रोज कागद घेऊन बसते आणि काही लिहून होत नाही.

दुसऱ्या वर्षी ठाण्याला माझी आजी गेली. परीक्षा चालू होती, जाता आलं नाही. रात्री फोनवर तिकडचं सगळं दिसत होतं. स्वयंपाकघराच्या फरशीवर सहा मुली पहाटेपर्यंत माझ्याजवळ बसल्या. एकीनं इंटरनेटवर बघून वरण-भात केला. हिंग नव्हता, लसूण मात्र भरपूर होता. मी दोनदा वाढून घेतला.

पुढच्या वर्षी नव्या सभासद मुली निवडण्याच्या मीटिंगमध्ये एका मुलीचं नाव आलं. ती भारतातून शिकायला आली होती. मी तिच्याशी वीस मिनिटं बोलले होते आणि ती मला फार आवडली होती. कुणीतरी म्हणालं, "गोड आहे, पण आपल्यात फिट होईल असं वाटत नाही." मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. एकीनं विचारलं, "तुला काय वाटतं?" मी म्हणाले, "मला तिच्याबद्दल फारसं माहीत नाही." लगेच पुढचं नाव आलं. माना डोलावणाऱ्यांत त्या रात्रीच्या सहांपैकी चौघी होत्या.

ती मुलगी आता माझ्याच डिपार्टमेंटला आहे. जिन्यात दिसली की हसते. तिला गाठून सगळं सांगू का? भाषणात सांगू का? की राहिलेल्या दिवसांत राजीनामाच देऊ? की मुळात देशी मुलींच्या सोरोरिटीत गेले असते तर बरं झालं असतं? आई म्हणते, "चार वर्षं पैसे भरून बहिणी विकत घेतल्यास." मला राग येतो, पण उत्तर सुचत नाही.

(नाव छापू नका)

* * *

मुली,

आधी तारखांचं बोलू, कारण तुझ्याकडे दिवस थोडे आहेत. निरोपाच्या समारंभाआधी तुमच्या चॅप्टरची, म्हणजे शाखेची, एक शेवटची मीटिंग असेल. फक्त सभासद मुलींची, दार लावून होणारी. त्या मुलीच्या नावावर फुली पडली ती अशाच मीटिंगमध्ये. तुझ्या मनात जे आहे ते तिथं बोल. पालकांसमोर नको, त्या मुलीसमोर नको. तिथं, त्या ५७ जणींसमोर. का ते सांगते.

इंडियानातल्या एका विद्यापीठाच्या गावात मी अकरा वर्षं काढली आणि त्यातली बरीचशी विद्यार्थ्यांच्या राहण्याची व्यवस्था बघणाऱ्या ऑफिसात. माझ्या खिडकीसमोर रस्त्यापलीकडे असंच एक घर होतं, पांढऱ्या खांबांचं. बिड डेच्या, म्हणजे निवडलेल्या मुलींना बोलावणं (बिड) येण्याच्या दिवशी, दुपारी नव्या मुली एकाच रंगाचे टी-शर्ट घालून हिरवळीवरून धावत यायच्या आणि आतल्या मुली किंचाळत त्यांना मिठ्या मारायच्या. त्याच दुपारी आमच्या काउंटरवर दुसऱ्या मुली यायच्या, डोळे सुजलेल्या. खोली बदलून मिळेल का म्हणून विचारायला, कारण रूममेटला बिड आलेली असायची आणि यांना नाही. मी दोन्ही बघत आले आहे. म्हणून तुझ्या घराला नावं ठेवणं मला जमणार नाही आणि त्याची आरती ओवाळणंही जमणार नाही.

हे सदर वाचणाऱ्या पुष्कळांना सोरोरिटी म्हणजे काय हे ठाऊक नसेल, तेव्हा दोन शब्द त्यांच्यासाठी. अमेरिकी कॉलेजांतली मुलींची ही मंडळं. नावं ग्रीक अक्षरांची, देशभर शाखा, एकदा सभासद झालं की जन्मभराचं नातं. जॉर्जियातल्या मेकन गावी मुलींच्या एका कॉलेजात १८५१ साली असं पहिलं मंडळ जमलं. मुलगे-मुली एकत्र शिकायला लागल्यावर मात्र त्यांची खरी निकड निर्माण झाली. इंडियानातल्या ग्रीनकॅसल गावच्या कॉलेजानं, आज ते डिपॉ विद्यापीठ म्हणून ओळखलं जातं, १८६७ साली मुलींना दार उघडलं. वर्गातल्या मुलग्यांना त्या नको होत्या. त्यांतल्या बेटी लॉक हिला एका मुलग्यांच्या मंडळानं आपला बिल्ला लावायला देऊ केला, सभासदत्व मात्र देणार नाही म्हणाले, अशी गोष्ट सांगतात. तिनं बिल्ला नाकारला आणि जानेवारी १८७० मध्ये चौघींनी मिळून कप्पा अल्फा थीटा सुरू केलं. 'सोरोरिटी' हा शब्द त्याही नंतरचा. सिरॅक्यूज विद्यापीठातल्या लॅटिनच्या एका प्राध्यापकांनी तिथल्या गॅमा फाय बीटाच्या मुलींसाठी तो सुचवला. लॅटिनमध्ये सोरोर म्हणजे बहीण.

हा इतिहास मी तुझ्यासाठीही सांगते आहे. ज्यांना कुणी आत घेत नव्हतं अशा मुलींनी ही घरं बांधली. आणि मग त्यांच्याच पुढच्या पिढ्या दारात उभ्या राहून कुणाला आत घ्यायचं नाही ते ठरवू लागल्या. तुझ्या मीटिंगमध्ये जे झालं त्याला इतकी जुनी वहिवाट आहे. म्हणून त्यातला तुझा वाटा कमी होत नाही. पण हे पाप एकटी तूच केलंस असं समजून रात्री जागू नकोस.

आता तुझ्या त्या वाक्याकडे येते. "मला तिच्याबद्दल फारसं माहीत नाही." पत्रात तू पुढे लिहितेस की मी गप्प बसले याची लाज वाटते. (तो भाग जागेअभावी छापलेला नाही.) तू गप्प बसली नव्हतीस, बाळ. तुला विचारलं गेलं आणि तू उत्तर दिलंस, आणि ते उत्तर खरं नव्हतं. वीस मिनिटं बोलली होतीस, आवडली होती, तरी ओळख नाकारलीस. हा फरक मी तुला टोचण्यासाठी दाखवत नाही. मीटिंगमध्ये उभी राहशील तेव्हा नेमकं हेच म्हणायला हवं. 'मी बोलायला हवं होतं' असं मोघम म्हणालीस तर सगळ्या सहानुभूतीनं माना डोलावतील, दोघी-तिघी रडतील, तुला मिठी मारतील आणि विषय संपेल. 'मला माहीत होतं आणि मी माहीत नाही म्हणाले' असं म्हणालीस तर खोलीत शांतता होईल. ती शांतता होऊ दे.

आणि त्यांनी तुलाच का विचारलं? कारण ती मुलगी भारतातली आणि तूही मूळची तिकडचीच. तू 'हो' म्हणाली असतीस तर तू तिच्या बाजूची ठरली असतीस. ज्या घरात शिरायला, तिथली एक व्हायला तुला दोन वर्षं लागली, त्यात पुन्हा तुझं वेगळेपण मोजलं गेलं असतं. भीती त्याची होती. मला ती समजते. भारतातून आलेल्या मुलीचा उच्चार ऐकून आपल्याच पोटात जो गोळा येतो तो परक्या देशात वाढलेल्या पुष्कळ मुलींना ठाऊक असतो. अकराव्या वर्षी शाळेच्या बसमध्ये जो आवाज तू प्रयत्नानं पुसलास, तोच आवाज समोर बसून मोकळेपणानं बोलत होता.

'फिट' या शब्दाबद्दल मला फार राग आहे, तो इथं बोलून घेते. निवडीची पद्धत तुला माहीत आहे, वाचकांना नाही. इच्छुक मुली काही दिवस घरोघर फिरतात, प्रत्येक घरात थोडा थोडा वेळ बोलतात, रात्री आतल्या मुली नावांवर चर्चा करतात, मतं देतात, मग दोन्हीकडच्या पसंतीच्या याद्या जुळवल्या जातात. इतक्या थोड्या वेळात माणूस काय कळणार! मग कपडे, बूट, बोलण्याची ढब, कुठल्या शाळेतून आली, उन्हाळ्याच्या सुटीत कुठे जाते, यावरून ठरतं. यातलं काहीच तोंडानं म्हणता येत नाही म्हणून 'फिट' म्हणायचं. आपल्याकडे स्थळ नाकारताना 'पत्रिका जुळत नाही' म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

अलाबामा विद्यापीठाचं उदाहरण तुमच्या घरातल्या मुलींना नक्की सांग. तिथं कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना १९६३ साली न्यायालयाच्या आदेशानं प्रवेश मिळाला, पण त्यानंतर ५० वर्षं झाली तरी गोऱ्या मुलींच्या जुन्या सोरोरिटींत कृष्णवर्णीय मुली जवळजवळ नव्हत्याच. २०१३ च्या सप्टेंबरात तिथल्या 'द क्रिमसन व्हाइट' या विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रानं छापलं की उत्तम गुणांच्या एका कृष्णवर्णीय मुलीला घ्यावं असं आतल्या मुलींना वाटत असूनही माजी सभासद बायकांनी ते होऊ दिलं नाही. बातमी उभी राहिली ती एका सभासद मुलीमुळे. तिनं मीटिंगमध्ये प्रश्न विचारला, आणि पुढे स्वतःच्या नावानिशी वार्ताहराला सांगितलं. थोड्याच दिवसांत विद्यापीठाला निवड पुन्हा उघडावी लागली आणि कृष्णवर्णीय मुलींना बोलावणी गेली. ती मुलगी तुझ्याच वयाची होती आणि तिलाही त्याच घरात राहायचं होतं.

मला असा धीर झाला नव्हता. १९८१ साली पुण्यात मी मुलींच्या एका वसतिगृहात राहायचे. चौघींची खोली. त्यातली एक मराठवाड्यातल्या खेड्यातून आलेली. आडनावावरून तिची जात आम्हा तिघींना पहिल्याच दिवशी कळली. कुणी काही बोललं नाही. रविवारी रात्री मेस बंद असायची, तेव्हा आम्ही तिघी फरशीवर वर्तमानपत्र पसरून घरून आलेलं खायचो. तिला कधी बोलावलं नाही. ती तिच्या पत्र्याच्या ट्रंकेवर खिडकीकडे तोंड करून जेवायची. एकदा घरून आलेली शेंगदाण्याची चटणी घेऊन ती आमच्यापाशी आली. स्टीलचा छोटा डबा, झाकण उघडलेलं. आमच्यातली एक म्हणाली, "आमचं झालं जेवण." पानात अर्धी पोळी होती माझ्या. मी पोळीकडे बघत राहिले.

मी तिला पत्र लिहिलं १९ वर्षांनी. पत्ता मिळवायलाच चार महिने लागले. तिचं कार्ड आलं: "पत्र पोचलं. चटणीचा डबा मलाही आठवतो. मोठी मुलगी यंदा बारावीला आहे." बस, इतकंच. क्षमेचा शब्द त्यात नव्हता, आणि तो मागायचा मला हक्कही नव्हता.

तू म्हणशील, मग मीही त्या मुलीला गाठून सांगते. नको. माझ्या मैत्रिणीला (आज तिला मैत्रीण म्हणते, तेव्हा म्हणायला हवं होतं) सगळं माहीत होतं. तिच्या देखतच झालं होतं. तुझ्या जिन्यात हसणाऱ्या मुलीला फक्त एवढंच माहीत आहे की त्या घराकडून बोलावणं आलं नाही. दरवर्षी पुष्कळ मुलींना येत नाही. ती पुढे गेली, तिला दुसरं काही सापडलं असेल. आता तू जाऊन सांगणार की तुझ्याबद्दल बंद खोलीत अमुक बोललं गेलं, आणि मी असं असं म्हणाले? तुझं ओझं उतरेल आणि तिच्या खांद्यावर चढेल. मग आयुष्यभर कुठल्याही खोलीत शिरताना तिच्या कानात 'फिट' वाजत राहील. तिनं आपणहून कधी विचारलं तर खोटं बोलू नकोस. तोवर एवढंच कर: जिन्यात भेटल्यावर थांब. हसून पुढे जाऊ नकोस. चहा-कॉफीला ने, तिच्या प्रोजेक्टबद्दल विचार, आणि नोकरीच्या अर्जांच्या बाबतीत तू एक वर्ष पुढे आहेस, त्यात काही मदत हवी का ते विचार. आणि यातलं काहीही करताना तू परतफेड करते आहेस असं तिला जाणवू देऊ नकोस.

राजीनाम्याचं म्हणशील, तर ज्यांनी दिला त्यांच्याबद्दल मला आदर आहे. २०२० च्या उन्हाळ्यात व्हँडरबिल्टसारख्या विद्यापीठांत कितीतरी मुली एकदम बाहेर पडल्या आणि ही मंडळं बंदच करा म्हणाल्या. त्या रेट्याचा परिणामही झाला. पुढच्या वर्ष-दोन वर्षांत अनेक राष्ट्रीय संघटनांनी 'लेगसी'ला, म्हणजे सभासदांच्या लेकी-बहिणींना मिळणारं झुकतं माप काढून टाकलं. पण त्यांच्यापुढे कॉलेजची वर्षं शिल्लक होती आणि सोडण्याची किंमत त्यांनी मोजली. तू आता, सामान बांधता बांधता राजीनामा दिलास तर सोडलंस काय? दोन आठवड्यांची खोली. आणि गमावशील ते मात्र मोठं. तुझं मत गमावशील. शेवटच्या मीटिंगमध्ये तुला बोलण्याचा हक्क आहे तो सभासद म्हणूनच. तो वापर.

काय मागायचं तेही ठरवून जा, नुसतं मन मोकळं करायला जाऊ नकोस. पुढच्या निवडीत कुणाही मुलीबद्दल 'नको' म्हणायचं असेल तर तिनं काय केलं किंवा काय म्हणाली ते सांगावं लागेल, आणि 'फिट' हा शब्द चालणार नाही, असा ठराव मांड. जिनं त्या मुलीशी प्रत्यक्ष गप्पा मारल्या तिनं आधी बोलायचं, मग बाकीच्यांनी. आणि घराचा एकूण खर्च पहिल्याच दिवशी, आकड्यांत, प्रत्येक इच्छुक मुलीच्या हातात द्यायचा. ठराव लिहून काढ. निवडीचं काम पुढच्या वर्षी जिच्याकडे असेल तिला आणि तुमच्या सल्लागार माजी सभासद बाईंना एकेक प्रत दे. कदाचित ठराव पडेल. पडला तरी जानेवारीत त्या खोलीत कुणी 'फिट' म्हणालं की निदान दहाजणींना तुझी आठवण होईल.

तू विचारलंस की त्यापेक्षा देशी मुलींच्या सोरोरिटीत गेले असते तर बरं झालं असतं का. तीही घरं अशीच, आत कुणी घेत नाही म्हणून उभी राहिलेली. १९९८ या एकाच वर्षात ऑस्टिनला कप्पा फाय गॅमा, ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा आणि न्यू यॉर्कमध्ये सिग्मा सिग्मा ऱ्हो सुरू झाल्या. त्यांच्यापासून खूप मुलींना खूप काही मिळालंय. पण जिथं निवड आहे तिथं नकारही आहे, तिथंही.

आता त्या चौघी. मला वाटतं तुझं कागदावर काही उतरत नाही ते यांच्यामुळे. पहाटेपर्यंत फरशीवर बसणाऱ्या मुली आणि एका वाक्यात मुलीचं नाव खोडणाऱ्या मुली वेगवेगळ्या असत्या तर भाषण केव्हाच लिहून झालं असतं. त्या एकच आहेत. मीही, ट्रंकेवर बसलेल्या मुलीकडे न बघणारी मी, त्याच वर्षी दुसरीला टायफॉइड झाला तेव्हा तिच्या उशाशी अकरा रात्री बसले होते. त्या अकरा रात्री खोट्या नव्हत्या. तुझ्या वरण-भातातला लसूणही खोटा नाही. त्या मुलींवरचं प्रेम आटवून टाकल्याशिवाय लाज खरी ठरणार नाही असं तुला कुठेतरी वाटतंय. तसं करू नकोस. ज्यांच्यावर तुझं प्रेम आहे त्यांनाच तू हे सांगू शकतेस. बाहेरच्या कुणी सांगितलं तर त्या ऐकणारही नाहीत.

म्हणजे पालकांसमोरच्या पाच मिनिटांत काय बोलायचं याचं उत्तर जवळजवळ मिळालंच. त्या मुलीची गोष्ट तिथं सांगायची नाही. ती तुझी नाही, आणि टाळ्यांच्या कार्यक्रमात तिला उभी करणं बरं नव्हे. आजीच्या रात्रीची गोष्ट सांग. फरशी सांग, फोन सांग, हिंग नसलेलं वरण सांग. ज्या मुलीनं ते केलं तिचं नाव घे. 'बहिणींचं नातं', 'आयुष्यभराच्या आठवणी', 'मी घडले' असले शब्द एकदाही येऊ देऊ नकोस. दरवर्षी प्रत्येक घरात तेच बोललं जातं आणि घरी जाईपर्यंत कुणाला आठवत नाही. आणि शेवटी ज्युनियर मुलींना उद्देशून एक वाक्य म्हण. पुढच्या जानेवारीत तुमच्यासमोर वीस मिनिटं बसणारी प्रत्येक मुलगी कुणाची तरी नात आहे, असं काहीसं. पालकांना ते गोड वाटेल. मीटिंगमध्ये बसलेल्या ५७ जणींना ते नेमकं कळेल.

निरोपाच्या वेळी सीनियर मुली आपापले टी-शर्ट, जॅकेटं, बिल्ले आपल्या 'लिटल'ला, म्हणजे आपल्याकडे सोपवलेल्या धाकट्या सभासद मुलीला, आणि तिच्या 'लिटल'ला देऊन जातात, ही तुमची पद्धत मला फार आवडायची. समोरच्या घराच्या पायऱ्यांवर मे महिन्यात मुली कपड्यांचे ढीग घेऊन बसलेल्या दिसायच्या. आपल्याकडे वहिनीनं नणंदेला साडी द्यावी तशा. तू तुझ्या लिटलला जे देशील त्यात त्या ठरावाचा कागदही घालून दे.

राहिली आई. तिचं वाक्य कडू आहे, पण त्यात एक खरा हिशेब आहे आणि तो तू कधी तिच्यासमोर मांडला नाहीस असं मला वाटतं. तिला दरवर्षी एक आकडा दिसला, 'ड्यूज', म्हणजे वर्गणी. त्यातलं किती राहण्याजेवणाचं, किती राष्ट्रीय संघटनेचं, किती विम्याचं, किती कपड्यांचं आणि पार्ट्यांचं, हे वेगवेगळं लिहून दाखव. जे उधळपट्टीचं होतं त्याला उधळपट्टीच म्हण. कदाचित राहण्याजेवणाचा भाग कॉलेजच्या होस्टेलइतकाच निघेल, कदाचित नाही. काहीही निघो, ते तिच्यापुढे ठेव. तिला दुसरीही भीती असणार, दारूची आणि रॅगिंगची, जिला तिकडे हेझिंग म्हणतात. ती भीती खुळी नाही. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ साली झाला. अमेरिकेत कॉलेजांना हेझिंगच्या घटना जाहीर करायला लावणारा देशपातळीवरचा कायदा यायला डिसेंबर २०२४ उजाडला. तुझ्या घरात काय होतं आणि काय नव्हतं, ते तिला सरळ सांग.

आणि 'विकत घेतलेल्या बहिणी' या शब्दांवर भांडू नकोस. तिला आनंदीबाई जोशींची आठवण करून दे. १८८३ साली, अठरा वर्षांची असताना, त्या बोटीनं न्यू यॉर्कला उतरल्या आणि न्यू जर्सीतल्या रोझेलला कार्पेंटर नावाच्या बाईंच्या घरी राहायला गेल्या. ओळख सगळी पत्रांतली. त्या बाईंना त्या मावशी म्हणायच्या. डॉक्टर होऊन परतल्या आणि बावीस वर्षं पुरी व्हायच्या आधीच पुण्यात गेल्या, तेव्हा त्यांच्या अस्थी त्या मावशीकडे पाठवल्या गेल्या आणि न्यू यॉर्क राज्यातल्या पुकिप्सी इथं कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. तुझ्या आईला हे कळेल. ती स्वतःही तीस-पस्तिशीत परक्या देशात, एकही मैत्रीण नसताना आली आहे ना? तिला विचार, पहिल्या वर्षी तिच्याजवळ फरशीवर कोण बसलं होतं. मला वाटतं, कुणीच नसेल. तिच्या बोलण्यातला कडवटपणा मला थोडा तिथून येताना दिसतो.

जूनमध्ये नव्या शहरात नोकरीला जाशील. रात्री दहाला स्वयंपाकघरात गेल्यावर तिथं कुणी नसेल. ते पहिले तीन-चार महिने फार वाईट जातात. त्या गावात तुमच्या माजी सभासदांचं मंडळ असेल तर जा जरूर. यात कृष्णवर्णीय मुलींच्या सोरोरिटींकडून शिकण्यासारखं आहे. त्यांच्याकडे कॉलेज संपल्यावर काम संपत नाही. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात जानेवारी १९१३ मध्ये २२ मुलींनी डेल्टा सिग्मा थीटा सुरू केली आणि दोन महिन्यांच्या आत, ३ मार्चला, त्या स्त्रियांच्या मताधिकारासाठी निघालेल्या मोर्चात चालल्या. मिरवणुकीत त्या नकोशा होत्या, तरी चालल्या. त्या संघटनेतल्या बायका आजही साठीत-सत्तरीत मतदार नोंदणीच्या टेबलांवर बसलेल्या दिसतात. मला वाटतं, माहेर असं असावं, जिथून बाहेर पडल्यावर काहीतरी करायचं राहिलेलं असतं.

निरोपाच्या दिवशी आईला अर्धा तास आधी बोलाव. प्रत्येक वर्षीच्या मुलींच्या छोट्या छोट्या फोटोंची जी मोठी चौकट तुमच्या घरांत भिंतीवर लावतात, कॉम्पोझिट, तिच्यापाशी तिला ने. आधी जुन्या चौकटी दाखव, १९५० च्या, १९६० च्या, सगळे चेहरे एका रंगाचे. मग यंदाची. सगळ्यांनी एकसारखा काळा पोशाख घातलेला असतो, केस एकसारखे सोडलेले असतात, चटकन कुणी ओळखू येत नाही. तू बोट दाखवू नकोस. तिला तिच्या वेळानं शोधू दे.